एका अंड्याची मालकी : ऑकमचा विल्यम आणि आव्हिन्योंचा वाद

8 डिसेंबर 1322 रोजी आव्हिन्योंहून, म्हणजे त्या काळी पोप जिथे राहत त्या आजच्या फ्रान्समधल्या शहरातून, निघालेल्या पोपच्या एका फर्मानात अंडं, चीज आणि पावाचा तुकडा येतो. पोप बाविसावा जॉन त्यात विचारतो, की भिक्षूच्या ताटात पडलेल्या एका अंड्याची, चीजची किंवा पावाच्या तुकड्याची मालकी रोमच्या चर्चने स्वतःकडे ठेवायची आणि भिक्षूने त्याचा फक्त वापर करायचा, असा आधीच्या पोपचा हेतू होता, हे डोकं ठिकाणावर असलेला कोणता माणूस मानेल?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान पोपच्या बाजूने हलली. खाल्लेलं अंडं पोटात गेलं. आता त्याची मालकी दुसऱ्या कुणाकडे आहे म्हणण्यात अर्थ काय? पण याच प्रश्नापायी फ्रान्सिस्कन या भिक्षुसंघाचा प्रमुख रातोरात पळाला, संघात फूट पडली आणि त्या काळातला सर्वांत तल्लख तर्कशास्त्रज्ञ उरलेली 19 वर्षं बहिष्कृत म्हणून जगला. त्याचं नाव ऑकमचा विल्यम. आपल्याकडे तो माहीत असतो तो 'ऑकमचा वस्तरा' एवढ्यापुरता. 'गरजेपेक्षा जास्त वस्तू मानू नयेत' हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य त्या शब्दांत त्याच्या ग्रंथांत सापडत नाही. 'गरज नसताना अनेकत्व मानू नये', 'जे थोडक्यात होतं ते जास्तीने करणं व्यर्थ' असं तो लिहितो. मुद्दा तोच आहे, पण त्याचा वस्तरा खरा कुठे चालला ते पाहायचं असेल तर या अंड्याकडेच यावं लागतं.

वाद कुठून आला

असिसीच्या फ्रान्सिसने 1223 च्या नियमावलीत लिहून ठेवलं, की बंधूंनी घर, जागा, कुठलीच वस्तू आपली म्हणू नये. अपरिग्रह हा शब्द आपल्या ओळखीचा असल्यामुळे हे चटकन कळल्यासारखं वाटतं. पण इथे एक पाऊल पुढचं आहे. युरोपातल्या जुन्या मठांतही भिक्षूच्या नावावर काही नसे. जमीन, गोठे, द्राक्षमळे मठाच्या नावावर असत. फ्रान्सिसच्या संघाचं म्हणणं असं, की एकेकट्याची मालकी नाहीच, सगळ्यांची मिळूनही नाही.

मग आजारी बंधूचं औषध कुणाचं? शिकवण्यासाठी लागणारी पुस्तकं कुणाची? शहराशहरात उभी राहिलेली निवासस्थानं कुणाची? संघ वाढला तसे हे प्रश्न वाढले. 1245 मध्ये पोप चौथा इनोसंट याने संघाला मिळालेल्या वस्तूंची मालकी पोपकडे घेतली. 14 ऑगस्ट 1279 रोजी पोप तिसरा निकोलस याने या व्यवस्थेला पक्कं रूप दिलं. मालकी चर्चची, भिक्षूंकडे 'सिम्प्लेक्स उसुस फाक्ति', म्हणजे नुसता प्रत्यक्ष वापर. तो वापर हक्काचा नाही. खाणं, नेसणं, राहणं, एवढंच. शिवाय या फर्मानावर कुणी भाष्य लिहायचं नाही, अशी सक्त ताकीद.

सातबारा पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला देवस्थान इनामाच्या जमिनी आठवतील. मालक म्हणून देवाचं नाव आणि वहिवाट पुजाऱ्याची. साम्य आहे, पण थांबावं लागतं. पुजाऱ्याची वहिवाट कायदा ओळखतो, तिच्यासाठी तो भांडू शकतो. फ्रान्सिस्कनांना तेवढंही नको होतं. कुणी ताटातलं उचलून नेलं तर न्यायालयात जाता येऊ नये, हीच त्यांची अट होती.

या वादाचा एक धागा ठाण्याला येतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. टोलेन्टिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन याच दारिद्र्याच्या आग्रहापायी इटलीत आपल्याच संघाच्या कैदेत पडला होता. सुटल्यावर तो आर्मेनियाकडे गेला आणि पुढे पूर्वेचा प्रवास करत ठाण्याला पोहोचला. एप्रिल 1321 मध्ये तो आणि त्याचे सोबती तिथे मारले गेले. डॉमिनिकन या दुसऱ्या संघाच्या जॉर्डन कातालानी या भिक्षूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नार्बोनला एका माणसावर धर्मचौकशी बसली, कारण ख्रिस्त आणि त्याच्या प्रेषितांकडे स्वतःचं म्हणून काहीच नव्हतं, असं तो म्हणत होता. तिथल्या फ्रान्सिस्कन अध्यापकाने उभं राहून सांगितलं, की यात पाखंड कुठलं, ही तर 1279 च्या फर्मानातली शिकवण आहे. प्रकरण आव्हिन्योंला गेलं.

पोप जॉन

बाविसावा जॉन म्हणजे काओरचा जॅक द्युएझ. 1316 मध्ये निवडला गेला तेव्हा सत्तरी ओलांडलेला, कायद्यात मुरलेला माणूस. त्याचं एक वाक्य 1317 चं आहे: दारिद्र्य थोर आहे, पण एकोपा त्याहून थोर, आणि आज्ञापालन सर्वांत थोर. आखूड कफनी घालणाऱ्या आणि धान्याची कोठारं नाकारणाऱ्या कडव्या फ्रान्सिस्कनांना तो हे ऐकवत होता. त्यांतले चौघे 7 मे 1318 रोजी मार्सेयला जाळले गेले. संघप्रमुख चेसेनाचा मायकेल त्या वेळी पोपच्या बाजूने होता, आणि पुढचं सगळं वाचताना हे विसरू नये असं मला वाटतं. आज्ञा मोडणाऱ्यांना शिक्षेसाठी त्यानेच पुढे केलं आणि दहा वर्षांनी स्वतः आज्ञा मोडली.

मार्च 1322 मध्ये जॉनने भाष्यबंदी उठवली आणि प्रश्न चर्चेला खुला केला. संघाने जूनमध्ये पेरुजियाच्या सभेत ठराव करून टाकला, की ख्रिस्ताकडे काही नव्हतं हे मत शुद्ध आहे. पोपचा निर्णय येण्याआधीच. म्हाताऱ्याला राग आला असणार. डिसेंबरात अंड्याचं फर्मान निघालं. त्यात त्याने काही अपवाद वगळता संघाच्या वस्तूंची मालकी चर्चकडे ठेवायला नकार दिला. तुम्ही वापरता, तुम्हीच मालक व्हा. बेर्गामोचा बोनाग्राशिया या संघाच्या कायदेपंडिताने जानेवारीत तोंडावर हरकत घेतली आणि तुरुंगात गेला. 12 नोव्हेंबर 1323 रोजी शेवटचा घाव पडला. ख्रिस्त आणि प्रेषितांकडे काहीही नव्हतं असं हट्टाने म्हणणं हे पाखंड ठरलं. त्याच वर्षी जुलैमध्ये जॉनने डॉमिनिकन थॉमस अॅक्वायनस याला संतपद दिलं होतं. दोन संघांतली चुरस लक्षात घेतली तर फ्रान्सिस्कनांना ते किती बोचलं असेल याची कल्पना येते.

वेगळ्याच कारणाने आलेला माणूस

ऑकम 1324 मध्ये आव्हिन्योंला आला. दारिद्र्याच्या वादाशी त्याचा संबंध नव्हता. तो स्वतः आरोपी होता.

इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या ऑकम गावी 1287 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. लहान वयात तो संघात आला, ऑक्सफर्डला पीटर लोम्बार्डच्या 'वचनं' या धर्मशास्त्राच्या तेव्हाच्या पाठ्यग्रंथावर त्याने व्याख्यानं दिली, पण धर्मशास्त्राचा अधिकृत आचार्य तो कधीच झाला नाही. त्यामुळे त्याला 'इन्सेप्टर' हे बिरुद चिकटलं. अभ्यास पुरा झालेला, पण पीठावर न बसलेला. ऑक्सफर्डचा माजी कुलपती जॉन लटरेल याने त्याच्या व्याख्यानांतून 56 आक्षेपार्ह विधानं काढून आव्हिन्योंत सादर केली. सहा जणांची समिती बसली आणि लटरेल स्वतः तिच्यावर होता. आरोप ईश्वरी कृपा आणि पुण्य, ईश्वराचं निरपेक्ष सामर्थ्य, पवित्र भाकरीत द्रव्य आणि परिमाण वेगळे असतात की नाही, अशा विषयांवरचे होते.

या विषयांमागे एकच धारणा आहे आणि ती इथे सांगावी लागेल, कारण पुढे तीच उपयोगी पडली. ऑकमच्या मते जगात फक्त एकेक वस्तू असतात. हा घोडा, तो घोडा. 'अश्वत्व' नावाची तिसरी चीज बाहेर कुठे नसते. ते मनातलं चिन्ह आहे, अनेक घोड्यांकडे बोट दाखवणारं. म्हणून वाद पेटला की त्याचा पहिला प्रश्न असे, हा शब्द नेमक्या कशाकडे बोट दाखवतो? एक शब्द दोन गोष्टींकडे बोट दाखवत असेल तर आधी त्या दोन वेगळ्या करा. असला माणूस चार वर्षं आव्हिन्योंत निकालाची वाट पाहत बसला. निकाल कधीच लागला नाही.

डिसेंबर 1327 मध्ये चेसेनाचा मायकेल तिथे पोहोचला. 9 एप्रिल 1328 ला पोपने त्याला समोर घेऊन झापलं आणि शहर सोडायची बंदी घातली. चारच दिवसांनी मायकेलने गुपचूप एक निषेधपत्र तयार केलं. त्यावर साक्षीदार म्हणून ऑकमचं नाव आहे.

आरोपी साक्षीदार कसा झाला? 1334 मध्ये असिसीत जमलेल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो. जवळजवळ चार वर्षं आव्हिन्योंत राहूनही त्याने पोपची दारिद्र्याबद्दलची फर्मानं वाचली नव्हती, जवळ ठेवायचीही इच्छा केली नव्हती. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस पाखंडाची व्याख्या करून ते लादेल यावर सहजासहजी विश्वास ठेवायचा नव्हता. मग वरिष्ठाच्या आज्ञेवरून त्याने ती फर्मानं बारकाईने वाचली आणि त्यांत त्याला पाखंडी, मूर्खपणाचं, हास्यास्पद असं पुष्कळ सापडलं.

या कबुलीवर माझा विश्वास आहे. बंडखोरीची खुमखुमी असलेला माणूस चार वर्षं ते कागद न वाचता राहिला नसता. त्याला राजकारण करायचं असतं तर स्वतःच्या खटल्यासाठी पोपची मर्जी राखणं सोपं होतं.

26 मे 1328 च्या रात्री मायकेल, बोनाग्राशिया, मार्केचा फ्रान्सिस आणि ऑकम शहरातून निसटले, एग-मॉर्त बंदरावरून समुद्रमार्गे निघाले आणि जूनमध्ये पीसाला लागले. तोवर बहिष्काराचा हुकूम निघाला होता. पोपशी भांडण असलेला जर्मन राजा, बव्हेरियाचा लुडविग, पुढे पीसाला आला आणि हे सगळे त्याच्या आश्रयाने म्युनिकला गेले. 'तू तलवारीने माझं रक्षण कर, मी लेखणीने तुझं करीन' हे ऑकमच्या तोंडी घातलेलं वाक्य बऱ्याच नंतरच्या लेखकाकडून आलेलं आहे. मी त्याला महत्त्व देत नाही.

नव्वद दिवसांत लिहिलेलं उत्तर

नोव्हेंबर 1329 मध्ये जॉनने मायकेलच्या विरोधात लांबलचक फर्मान काढलं. त्याला ऑकमने दिलेलं उत्तर म्हणजे 'नव्वद दिवसांचं काम'. 124 प्रकरणं. पोपचा मजकूर तुकड्यातुकड्याने उद्धृत करायचा आणि खाली 'ज्यांच्यावर हल्ला झाला ते असं म्हणतात' अशी उत्तरं द्यायची, ही त्याची पद्धत. स्वतःचं मत म्हणून तो काही सांगत नाही.

पोपचा मुख्य युक्तिवाद असा. घर दुसऱ्याचं आणि राहणारा मी, हे शक्य आहे, कारण राहून घर संपत नाही. पाव मात्र खाल्ला की संपतो. संपणाऱ्या वस्तूचा उपभोग मालकीपासून वेगळा काढता येत नाही. आणि हक्क नसताना वापर केला तर तो वापर अन्यायाचा. म्हणजे भिक्षू एक तर मालक आहे, नाही तर चोर.

बोनाग्राशियाने यावर आधीच घोड्याचं उदाहरण दिलं होतं. घोडा ओट खातो, ओटचा मालक होत नाही. उदाहरण मजेदार आहे, पण माणसाला पुरत नाही, कारण घोड्यावर चोरीचा आरोप येत नाही. ऑकम दुसऱ्या बाजूने शिरतो. तो आधी शब्दच सुटे करतो. 'उपभोग' हा कायद्याचा शब्द आहे, तो एका हक्काचं नाव आहे. चावणं, गिळणं ही क्रिया आहे. कायदेपंडित जेव्हा म्हणतात की संपणाऱ्या वस्तूत उपभोग वेगळा काढता येत नाही, तेव्हा ते हक्काबद्दल बोलतात. क्रियेबद्दल त्यांनी काही सिद्ध केलेलं नाही.

मग 'हक्क' या शब्दाचे तो दोन भाग करतो. एक न्यायालयातला हक्क: हिरावला तर दावा लावता येतो. दुसरा निसर्गाने माणसाला दिलेला, ज्याला तो स्वर्गाचा हक्क म्हणतो: जगण्यासाठी लागेल ते वापरण्याचा. हा दुसरा कुणालाच सोडता येत नाही, भिक्षूलाही नाही. उपासमारीत तो उघडपणे जागा होतो. एरवी जगात मालकी आल्यामुळे तो बांधलेला असतो. मालकाने 'घे' म्हटलं की ती गाठ सुटते. परवानगीने नवा हक्क तयार होत नाही, फक्त आड आलेली मालकी बाजूला होते.

त्याची कसोटी रोजच्या जेवणातली आहे. पाहुणा यजमानाच्या ताटात जेवतो. तो चोर नाही, कारण त्याला बोलावलं आहे. मालकही नाही. यजमानाने मधेच ताट उचललं तर लोक यजमानाला नावं ठेवतील, पण पाहुण्याला दावा लावता येणार नाही. लग्नाच्या पंगतीत बसून लाडू खाणं आणि लाडू पिशवीत भरून नेणं यातला फरक आपल्याकडे पोरालाही कळतो. वाढलं ते खायला दिलं, घरी न्यायला नाही. पोपने भिक्षूसमोर मालक आणि चोर अशी दोनच पानं मांडली होती. ऑकमने पाहुण्याचं पान मांडलं.

मराठीत हा वाद वाचताना एक गोष्ट मला सारखी जाणवते. आपण 'पुस्तक माझं आहे' म्हणतो आणि 'पुस्तक माझ्याकडे आहे' म्हणतो, आणि दोन्हींत कुणाचा गोंधळ होत नाही. लॅटिनमधल्या 'हाबेरे' या एकाच क्रियापदात दोन्ही मावतात. 'ख्रिस्ताकडे काही नव्हतं' हे वाक्य पाखंड ठरवताना जॉनकडे पुरावे होते: यहूदा या प्रेषिताजवळची पैशाची थैली, प्रेषितांनी विकत घेतलेलं अन्न. ऑकमचं म्हणणं, हे सगळं त्यांच्याजवळ होतं यात शंका नाही. त्यांचं होतं का, हा प्रश्न आहे.

आणखी एका ठिकाणी त्याचं तर्कशास्त्र थेट कामाला येतं. जॉन म्हणतो, खाणं-नेसणं ही क्रिया व्यक्ती करते. संघ ही खरी व्यक्ती नव्हे, ती कल्पित, प्रतिनिधिरूप व्यक्ती आहे, म्हणून 'संघाचा प्रत्यक्ष वापर' असं काही असू शकत नाही. ऑकमचं उत्तर मला या सबंध ग्रंथातलं सर्वांत धारदार वाटतं. कल्पित व्यक्तीला जेवता येत नसेल तर तिला मालकही होता येणार नाही. आणि मुळात संघ कल्पित नाही. संघ म्हणजे ही खरी माणसं, हे बंधू. 'अश्वत्व' बाहेर कुठे नसतं म्हणणाऱ्याने 'संघ' नावाची अधांतरी वस्तू मान्य केली असती तरच नवल.

मला काय पटलं, काय नाही

तर्कात ऑकम जिंकला असं माझं मत आहे. पण जॉनचा एक आक्षेप शिल्लक राहतो. तो म्हणतो, मालकी सोडल्यावर तुमची चिंता कमी झाली का? वस्तू मिळवण्याची, साठवण्याची धडपड तशीच चालू आहे. परिपूर्णता असेल तर ती प्रेमात आणि निश्चिंतीत, कागदावरच्या नावात नाही. ऑकमने 'मालक नसणं' वाचवलं. 'गरीब असणं' त्याच्या भेदांनी वाचत नाही. धान्याने भरलेलं कोठार पोपच्या नावावर करून कुणी दरिद्री होत नाही, आणि मार्सेयला जाळले गेलेले चौघे हेच तर सांगत होते. संघाच्या बहुतेक बंधूंनी शेवटी पोपची आज्ञा पाळली. 1329 मध्ये नवा संघप्रमुख निवडला गेला.

ऑकम मात्र थांबला नाही. भिक्षूच्या ताटापासून तो पोपच्या अधिकाराकडे गेला. पाखंडात पडलेला पोप पोप राहत नाही. मग ते ठरवायचं कुणी? गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेल्या 'संवाद' या प्रचंड ग्रंथात तो ही शक्यताही तपासतो, की पोप, परिषद, पंडित सगळे चुकले तरी खरी श्रद्धा थोड्याशा लोकांत, अगदी बायका-मुलांतही टिकू शकेल. जॉन स्वतः डिसेंबर 1334 मध्ये वारला. मृतात्म्यांना ईश्वराचं दर्शन अंतिम निवाड्याआधी होतं की नाही यावरचं आपलं वादग्रस्त मत त्याने मृत्युशय्येवर मागे घेतलं. दारिद्र्याबद्दलचं कोणतंही फर्मान मागे घेतलं नाही.

बोनाग्राशिया 1340 मध्ये गेला, मायकेल 1342 मध्ये. मायकेलजवळ संघप्रमुखाची मुद्रा होती, पळताना सोबत आणलेली. मरताना ती ऑकमच्या हाती आली. तो संघप्रमुख नव्हता, कुणी त्याला निवडलं नव्हतं. 1347 मध्ये म्युनिकला त्याचा मृत्यू होईपर्यंत ती त्याच्याकडे राहिली. त्याची नव्हती, त्याच्याकडे होती.